परसांतील पाहुणे

तुळशीचें लग्न उरकलें कीं मला कवठे येमाईच्या घराची ओढ लागते. तेथें जाऊन मी कांहीं विशेष करतों असें नाहीं. मागल्या दारच्या पायरीवर बसून परसाकडे पाहात राहावें, एवढाच माझा उद्योग. दिवाळींत मिरविलेला झेंडू या सुमारास काळपट पडलेला असतो. कुंपणावरच्या वालाला मात्र तेव्हांच कोठें बहर येतो. हिमालयाकडून व त्याच्याहि पलीकडून आलेला धोबी पक्षी न्हाणीच्या सांडपाण्याकांठीं शेपटी हालवीत फिरतो. एवढा दूरचा प्रवास करून यानें आमच्या मोरीचें पाणी पसंत करावें, याचें मला दर वर्षीं हसूं येतें, आणि थोडा अभिमानहि वाटतो.

परंतु माझें खरें लक्ष असतें तें आईनें लावलेल्या कागदी लिंबाकडे. त्याच्या कोंवळ्या पानांवर फुलपाखरूं अंडीं घालतें. अंड्यांतून निघालेली अळी आरंभीं पांखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. अंग भरलें म्हणजे ती तें सोंग टाकून पानासारखी हिरवीगार होते. काडीनें डिवचली, तर डोक्यामागून नारिंगी छटेचें दुभंगलेलें शिंग काढून उग्र वास सोडते.

यंदा तीन फांद्या ओक्याबोक्या झालेल्या पाहून मी अळ्या वेंचूं लागलों. आई म्हणाली, "राहूं दे रे! खाऊन खाऊन किती खाणार त्या? झाडाला पुन्हां पानें फुटतील." मीं हात मागें घेतला. आपण मोठे उदार आहों, असें मनांत येऊन गेलें.

तें औदार्य संध्याकाळपर्यंतच टिकलें. दिवेलागणीच्या आधींच आईनें मागलें दार लावून अडसर घातला. लहानपणीं याच पायरीवर आम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत गप्पा मारीत असूं. तेव्हां भोंवतालीं ज्वारी-बाजरीचीं रानें होतीं. पुढें पाणी आलें, ऊस आला, आणि उसाच्या आडोशानें बिबट्याहि आला. माणसाहून उंच अशा त्या पिकांत तो नुसता लपत नाहीं. तेथेंच त्याचीं पिलें होतात, आणि ऊसतोडीच्या दिवसांत तीं तोडकऱ्यांना सांपडतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. परंतु २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आमच्याच शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूत भागांत बिबट्यानें तीन माणसें मारलीं. त्यांतील दोघें मुलें होतीं.

शेजारच्या काकूंची शेळी अशीच गेली. मी त्यांना मोठ्या हौसेनें अळीची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि एवढेंच म्हणाल्या, "तुझीं पानें गेलीं बाळा, तीं पुन्हां येतील."

त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं. चार पानें देऊन ज्याला सृष्टीचा यजमान होतां येतें, त्यानें शेळी देणाऱ्याला भूतदया शिकवूं नये. आणि ज्याच्या घरचें मूल गेलें, त्याच्यापुढें तर तोंडच उघडूं नये. बिबट्याला तरी दोष काय द्यावा? आपण वाढविलेल्या उसाला त्यानें रान मानलें. पण हा न्याय अडसराच्या आंत बसून सांगणें सोपें आहे.

सकाळीं पायरीवर ऊन येईपर्यंत मीं दार उघडलें नाहीं. धोबी केव्हांच येऊन कामाला लागला होता. लिंबावर आणखी एक अळी हिरवी झाली होती. मीं तिला हात लावला नाहीं. पण त्यांत आपलें कांहीं औदार्य आहे, असें मात्र या वेळीं मला वाटलें नाहीं.