सुई टोचण्याआधीची तयारी

ल्युकेमियाच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडावं लागतं. एकदाच नव्हे, दोन-तीन वर्षांच्या उपचारांत ही वेळ पुन्हा पुन्हा येते. पोराला सवय होईल, असं मोठ्यांना वाटतं. पण कित्येक मुलांची धास्ती आदल्या रात्रीच सुरू होते. जेवण जात नाही, झोप लागत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये सुसान जे आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ल्युकेमियाच्या ५६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचीही वेळ सुईचीच होती, फक्त ती हाडातला मगज (अस्थिमज्जा) काढण्यासाठी होती. मुलांना संथ श्वास घ्यायला शिकवलं, धीट नायकाची कल्पना करायला सांगितलं, बाहुलीवर तालीम करून घेतली, शेवटी छोटंसं बक्षीसही ठेवलं. नुसतं कार्टून पाहताना झाला त्यापेक्षा या तयारीनं त्रास कमी झाला, नाडीही कमी धावली. तुलनेसाठी दिलेल्या गुंगीच्या गोळीला मात्र तेवढं जमलं नाही.

संशोधक रोनाल्ड ब्लाउंट यांच्या १९८९ च्या निरीक्षणाने तर आईबापांना विचारात पाडावं. ‘घाबरू नको, काही होत नाही’ असा दिलासा दिला की मूल बरेचदा अधिकच कळवळतं. शाळेच्या, मित्राच्या गप्पा निघाल्या किंवा ‘चल, फुंकर मार’ म्हटलं, की ते सावरतं.

आईची माया इथे कमी पडत नाही. तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये गावाकडून लेकराला घेऊन येणाऱ्या आईलाही सुईआधी पाच मिनिटं हे समजावून सांगायला हवं. बधिर करणारं मलम लावलं तर ते मुरायला तासभर लागतो. तेवढा वेळ हाताशी असतोच.