वडपे, फ्लेक्सच्या खालून

वडपे आपण सगळ्यांनीच पाहिलंय, नाशिकला जाताना, कारच्या खिडकीतून. पण तिथे उतरलंय कोण? मीही कधी उतरले नव्हते. मागच्या शनिवारी मित्राच्या बाइकवर बसून मुद्दाम गेले. माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजणोली आणि मग वडपे. शेजारीच आमणे, जिथे 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपतो. 5 जून 2025 पासून तो इथवर पूर्ण खुला झालाय.

बघायला काय? गोडाऊन्स, कंटेनर, धूळ आणि होर्डिंग्ज. फ्लॅट घ्या, सोनं घ्या, लोन घ्या!

चहाला एका टपरीवर टेकलो. वर पाहिलं, तर छप्पर म्हणून जुना फ्लेक्स ताणलेला. एका मॉडेलचा अर्धा चेहरा आणि 'स्वप्नातलं घ' एवढीच अक्षरं. टपरीवाले काका म्हणाले, "पाऊस अडतो ना, बास!"

मला एकदम तुषार जोग आठवले. मुंबईच्या या कलावंताने 2004 मध्ये 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल' काढला. नाव ऐकून सरकारी खातंच वाटावं! लोकलच्या गर्दीत लटकणाऱ्यांसाठी त्यांनी चक्क उपकरणं डिझाइन केली. हसता हसता कळायचं की चिमटा आपल्यालाच बसलाय. 2018 मध्ये ते गेले.

याच जातकुळीतले परदेशातले 'यस मेन'. 3 डिसेंबर 2004, भोपाळ दुर्घटनेला 20 वर्षं. त्यांच्यातला एक जण डाऊ केमिकलचा प्रवक्ता बनून थेट बीबीसी वर्ल्डवर झळकला आणि पीडितांसाठी 12 अब्ज डॉलर जाहीर करून मोकळा झाला. काही तासांत बिंग फुटलं, पण तोवर कंपनीचे शेअर घसरले होते. भरपाई देणार म्हटल्यावर शेअर पडतो, हे जगाने पाहिलं. जाहिरातीची भाषा उसनी घ्यायची आणि तिच्यातूनच खरं बोलायचं, हा त्यांचा गनिमी कावा.

काकांना यातलं काही ठाऊक नाही. पण विकत घ्यायला सांगणारा फ्लेक्स त्यांनी उलट कामाला लावलाय.

हा नुसता गमतीचा विषयही नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरचं अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 माणसं गेली. आपल्या डोक्यावर काय उभं राहणार, हे आपल्याला कोणी विचारतं का?

आता माझी कबुली. माझं घरभाडं बऱ्याचदा जाहिरातींचा मजकूर लिहूनच निघतं. 'स्वप्नातलं घर' मीही दोनदा लिहिलंय. त्या छपराखाली चहा पिताना जरा ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या वीकेंडला नाशिकला निघालात, तर वडप्याला पाच मिनिटं थांबा. होर्डिंग समोरून नको, मागून बघा. नुसता लोखंडी सांगाडा दिसतो. चहा मात्र फर्स्ट क्लास!