गाडी टेशपर्यंतच

'शोफर' हा शब्द आता आपल्याकडे फारसा कुणी वापरत नाही. जुन्या मराठी कादंबऱ्यांत तो भेटतो. बंगल्यासमोर मोटार उभी असते, शोफर अदबीनं दार उघडतो, आणि बहुतेक वेळा त्याला नावसुद्धा नसतं. शब्द मूळचा फ्रेंच. 'शोफे' म्हणजे तापवणं. सुरुवातीच्या काही मोटारी वाफेवर चालत. निघण्याआधी पाणी तापवून वाफ धरावी लागे. ते करणारा तो शोफर, म्हणजे खरं तर भट्टीवाला. मालक घराबाहेर पडण्याच्या कितीतरी आधी त्याचा दिवस सुरू झालेला असायचा. पुढं वाफ गेली, शब्द राहिला, आणि आधीपासून तयार होऊन थांबणंही राहिलं.

माझा मामा शोफर आहे. बेळगावात आम्ही सरळ 'ड्रायव्हर' म्हणतो. तिकडं त्याच्या ओळखपत्रावर 'शोफर' असतं. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तो जिनिव्हाच्या विमानतळावरून लोकांना आल्प्समधल्या महागड्या गावांना सोडतो. कधी व्हर्बिए, कधी फ्रान्सच्या हद्दीतलं कूर्शव्हेल, पण जास्त करून झरमॅट. मॅटरहॉर्न ज्या गावातून दिसतो ते झरमॅट. चॉकलेटच्या जुन्या वेष्टनामुळे तो त्रिकोणी डोंगर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, स्वित्झर्लंडमधली रेल्वे जगात नावाजलेली, मग लोक शेकडो फ्रँक मोजून गाडी कशाला करतात? मीही मामाला हेच विचारलं. तो म्हणाला, "ट्रेनची वाट बघायला लागते की गं." सगळा धंदा या एका वाक्यात आहे. पाहुणा विमानातून उतरला की त्याला कशासाठीही थांबायला लागू नये. विमान कधी उतरणार हे त्यानं कळवायचं नसतं. मामा फोनवर फ्लाइट नंबर टाकून ते बघत बसतो. बाहेर येणाऱ्या दारासमोर नावाची पाटी घेऊन मामा उभा. स्कीच्या लांबलचक पिशव्या उचलायला मामा. लहान मूल असेल तर त्याच्या वयाची सीट आधीच बसवलेली, पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या, गाडी आतून उबदार. धुक्यानं विमान दोन तास उशिरा आलं, तरी पाहुण्याला वाटलं पाहिजे की ड्रायव्हर आत्ताच येऊन उभा राहिलाय.

वाट बघणं नाहीसं होत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. पाहुणा जे पैसे देतो त्यात गाडी आहे, पेट्रोल आहे, बर्फाचे टायर आहेत. आणि मामाचे थांबलेले तासही आहेत. बिलावर मात्र तासांची वेगळी ओळ नसते.

रस्ता सुमारे तीन तासांचा. मामानं तो मला इतक्या वेळा फोनवर सांगितलाय की डोळे मिटून मी तो म्हणून दाखवीन. आधी लेमान सरोवराचा काठ. लोझान सोडलं की लाव्होचे द्राक्षमळे, उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेले. मग माँत्र्यो, पाण्यातून वर आल्यासारखा दिसणारा शियोंचा किल्ला, आणि पुढं ऱ्होन नदीचं खोरं. तिथं सें-मोरीस लागतं. तिथल्या मठाची स्थापना 515 सालची. मग मार्तिन्यी, सियों, सिएर. सिएरच्या पुढं एक गंमत होते: पाट्यांची भाषा बदलते. फ्रेंच संपते, जर्मन सुरू होते. व्हाले हे राज्यच दोन भाषांचं. मामा म्हणतो, "अगदी आपल्यासारखं. फक्त पाट्यांना कुणी काळं फासलेलं नसतं." बेळगावच्या वाचकांना हे जास्त समजवायला नको.

फिस्पला मोठा रस्ता सोडून गाडी दरीत शिरते. श्टाल्डन, सांक्ट निक्लाउस, रांडा. इथला घाट आणि आपला चोर्ला यांत मामाला फार फरक वाटत नाही. मुलांना दोन्हीकडं सारखंच मळमळतं. डॅशबोर्डच्या खणात तो आवळासुपारी ठेवतो. आईला विचारून, हो म्हटलं तरच, मुलाच्या हातावर एक तुकडा देतो. रांडाजवळ डोंगराची एक बाजू उघडीबोडकी दिसते. 1991 मध्ये तिथं दोनदा कडा कोसळला आणि रस्ता, रेल्वे, नदी सगळं अडलं. पाहुणे खिडकीतून बघून विचारतात, मामा दोन वाक्यांत सांगतो. न विचारता बोलायचं नसतं. कर्णाच्या रथावर बसून त्यालाच टोचून बोलणारा शल्य इथं एका दिवसात घरी गेला असता.

आणि मग येतं टेश. कितीही मोठी गाडी असो, कितीही मोठा पाहुणा असो, खाजगी गाडी टेशपर्यंतच. पुढचे पाच किलोमीटर बाहेरच्यांच्या गाड्यांना बंद. झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जवळजवळ नाहीतच. तिथं विजेवर चालणाऱ्या खोक्यासारख्या छोट्या गाड्या फिरतात. टेशहून दर वीस मिनिटांनी सुटणारी ट्रेन बारा मिनिटांत वर पोचवते. कुणी परवाना असलेल्या स्थानिक टॅक्सीनं गावाच्या वेशीपर्यंत जातं. जिनिव्हापासून कशाचीही वाट न बघता आलेला माणूस टेशच्या फलाटावर इतरांच्या रांगेत उभा राहतो. मला हा नियम फार आवडतो.

मामा सामान चढवून देतो आणि माघारी फिरतो. टेशमधून मॅटरहॉर्न दिसत नाही, मधले डोंगर आड येतात. मामाचे हे तिथले सहावे वर्ष. इतक्या लोकांना त्या डोंगरापाशी नेऊन सोडलं, पण त्यानं स्वतः तो अजून पाहिलेला नाही. मी म्हटलं, बारा मिनिटांचं तर तिकीट, जाऊन का येत नाहीस? "मधे एखादा तास मिळाला की झोपतो की गं," तो म्हणाला. परतीची फेरी कधी रिकामी, कधी संध्याकाळच्या विमानाचे पाहुणे. शनिवारी तर श्वास घ्यायला फुरसत नाही. जुने पाहुणे उतरणार, नवे चढणार, सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला. शिवाय गाडी धुवायची. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा पांढरा थर पत्र्यावर बसतो. काळी गाडी पाहुण्यासमोर काळीच दिसली पाहिजे, म्हणून दिवसातून कधी कधी दोनदा ती धुतो.

संतसाहित्याच्या तासाला आम्हाला सांगितलं जातं, की देवानं अर्जुनाचे घोडे धुतले याचं आपल्या संतांना केवढं अप्रूप होतं. मी ख्रिस्ती घरातली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी लहानपणापासून बघत आले, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पण वर्गात बसून पटणं वेगळं. उणे दहा अंशांत हातमोज्यांतली बोटं बधिर झालेली असताना दुसऱ्याची गाडी धुणाऱ्या माणसाला त्याचं अप्रूप वाटत असेल का, हे मी मामाला अजून विचारलेलं नाही.

मार्तिन्यीला एक फाटा फुटतो, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीकडं. तिथं 2469 मीटरवर एक धर्मशाळा आहे. साधारण 1050 च्या सुमारास आओस्ताच्या बर्नार्ड या धर्मगुरूनं ती वाटसरूंसाठी सुरू केली. तिथले मोठे कुत्रे सगळ्यांना माहीत असतात. 1923 मध्ये पोप पायस अकरावे यांनी, जे स्वतः गिर्यारोहक होते, संत बर्नार्डला गिर्यारोहकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं. धर्मगुरू आजही तिथं राहतात. हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बंद होतो. मग वर जायचं ते स्कीवर, नाहीतर बर्फात चालायचे रुंद जोडे बांधून. तरी दार उघडं असतं. तिथंही कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलेलं आहे, फक्त हातात नावाची पाटी नाही. मामाच्या गाडीच्या आरशाला संत क्रिस्टोफरचं छोटं पदक लटकतं. ते आजीनं दिलेलं. नदीतून लोकांना खांद्यावर पलीकडे नेणारा तो संत. पाहुण्यांना वाटतं, शोभेचं आहे.

हे सगळं मी आत्ता लिहितेय त्याला कारण आहे. दादाची फाइल लिस्बनला गेलीय. आजीचा जन्म 1961 च्या आधीचा, गोव्यातला. म्हणून तिची, तिच्या मुलांची आणि नातवंडांची पोर्तुगालमध्ये नोंद होऊ शकते. मामा याच वाटेनं गेला. ती नोंद झाली की युरोपातल्या बहुतेक देशांत काम, आणि भारताचा पासपोर्ट परत करायचा. दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडं चालत नाही. दादा सध्या सांबऱ्याच्या विमानतळावरून चोर्ला घाटानं गोव्याच्या रिसॉर्टांना गाडी नेतो. काम तेच, पगाराचा आकडा वेगळा. मम्मी म्हणते, तुझीपण फाइल करून ठेव. आमच्या घरावरचा स्लॅब आणि माझी तीन वर्षांची फी मामाच्या त्या तीन तासांच्या फेऱ्यांतून आली आहे, त्यामुळे 'जाऊ नको' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ज्या घरात नाताळच्या रात्री कुलकुलाचं ताट फोनसमोर धरून मामाला दाखवतात, त्या घरात 'जा' म्हणायलाही रेटत नाही.

परवा दादानं फोनवर मामाला पगार विचारला नाही. त्यानं विचारलं, "तिथं थांबायला जागा कुठं असते?" मामानं सविस्तर सांगितलं. जिनिव्हाला कुठं थांबल्यावर दंड होतो, टेशला गरम कॉफी कुठं मिळते, इंजिन बंद करून झोपायचं तर अंगावर काय घ्यायचं. दादा माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होता.

त्या पानाच्या खाली मी माझी एक ओळ घातली आहे. टेशला पहिला मोकळा तास मिळाला की झोपू नकोस. बारा मिनिटांचं तिकीट काढ, वर जा, डोंगर बघ. आणि एक तिकीट मामाचंही काढ.