सहल कचरा डेपोची!

मुलांनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, समुद्र, प्राणिसंग्रहालय, नाहीतर डब्यातली पुरी-भाजी! कुणी म्हणालं, "चला, कचरा डेपो बघायला जाऊ," तर तुम्ही आधी नाकच धराल. आमच्या चौथीच्या मुलांनीही तेच केलं. पण आज मी तुम्हाला जिथे घेऊन जाणार आहे, तिथे नाक धरायची गरज नाही.

ते ठिकाण आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं वेंगुर्ले. कुडाळहून एस.टी.नं निघालं की पिंगुळी, मठ करत रस्ता आंब्या-काजूंच्या बागांमधून समुद्राकडे उतरतो. वेंगुर्ले हे जुनं बंदर. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी इथे वखार बांधली होती. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती तुम्ही ऐकल्या असतील, त्या इथल्याच फळसंशोधन केंद्रातल्या. गाव छोटंसंच. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती साधारण बारा हजार होती. पण गाव छोटं म्हणून कचरा थोडाच थांबतो? इतर गावांसारखाच इथेही गावाबाहेर कचऱ्याचा ढीग होता.

२०१५च्या सुमारास रामदास कोकरे हे इथल्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी होते. तेव्हापासून त्या ढिगाचं रूप पालटलं. ढिगाच्या जागी बाग झाली, बसायला बाकं आली आणि लोक ती जागा बघायला येऊ लागले. आमची मुलं फाटकातून आत शिरली, इकडेतिकडे पाहिलं आणि एकानं मोठ्यानं विचारलं, "बाई, हयसर कचरो खंय आसा?"

कचरा होता, पण ढीग नव्हता. यातलं गुपित साधं आहे. वेंगुर्ल्यात कचरा एकत्र होऊच दिला नाही. घरोघरी तो चार भागांत वेगळा द्यायचा ठरलं: ओला, सुका, प्लॅस्टिक आणि काच-धातू. डेपोत आल्यावर त्याची आणखी बारीक विभागणी करून तब्बल २७ प्रकार केले गेले. मुलांना आधी हसू आलं. "कचऱ्याचे सत्तावीस प्रकार? नक्षत्रांसारखे?" होय, अगदी तस्सेच!

आता प्रत्येकाचं काय होतं ते पाहू. भाजीची देठं, उरलेला भात, फळांच्या साली हवाबंद टाकीत जातात. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू ते खातात आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. त्यावर चूल पेटते, वीजही करता येते. खाली राहतो तो रबडा झाडांना खत म्हणून चालतो. वाळलेला पालापाचोळा दाबून त्याच्या जळणाच्या कांड्या होतात. काच वितळवून पुन्हा काच होते, कितीही वेळा! जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं बनवायला खाणीतून काढून बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

आणि प्लॅस्टिक? त्याचे बारीक तुकडे रस्त्यासाठी वापरता येतात. ही युक्ती मदुराईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांची. तापलेल्या खडीवर हे तुकडे टाकले की ते वितळून खडीला चिकटतात, मग वरून डांबर घालतात. असा रस्ता पावसाच्या पाण्याला अधिक टिकून राहतो. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मुलांनो, एका कोपऱ्यात मुलं एकदम गप्प झाली. तिथे काही ताई हातमोजे घालून सुका कचरा निवडत होत्या. आमच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, हाताला काच लागत नाही?" ताई म्हणाल्या, "घरातल्यांनी वेगळी दिली तर नाही लागत गो."

एवढंच वाक्य, पण परतीच्या गाडीत मुलं त्यावरच बोलत होती. वहीचा कोरडा कागद पुन्हा कागद होऊ शकतो. त्याच कागदावर आमटी सांडली की तो वाया जातो. घरात वेगळं करायला आपल्याला एक क्षण लागतो. एकदा सगळं कालवलं की तेच काम दुसऱ्या कुणाला तरी हातांनी, घाणीत, काच-सुया चुकवत करावं लागतं. आपल्या एका क्षणाचा आळस कुणाच्या तरी बोटाला लागतो!

मग ती मुलगी मला म्हणाली, "पण बाई, आमच्या वाडीत गाडीच येत नाही. आम्ही वेगळा करून टाकायचा कुठे?"

प्रश्न खरा होता. आमचं गाव लहान, वाड्या लांब लांब. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही घराघरात कचऱ्याचं काय होतं ते लिहून काढलं. गंमत म्हणजे निम्मं काम आजीनं आधीच करून ठेवलेलं! ओलं सगळं परसातल्या गायरीत जातं आणि पुढे भाताला खत होतं. जुन्या साड्यांच्या गोधड्या होतात. करवंटीचा डाव होतो, रद्दी आणि पत्रा भंगारवाला नेतो. आजीच्या काळात नव्हतं ते एकच, प्लॅस्टिक. आणि तेच बऱ्याच घरांत चूल पेटवायला जात होतं. पिशवी भुरकन पेटते, म्हणून! पण तो धूर विषारी असतो आणि चुलीपाशी बसलेली आई, मांडीवरचं बाळ तोच श्वासात घेतात.

मग ठरलं. प्लॅस्टिक धुवायचं, वाळवायचं, घरच्या पिशवीत साठवायचं आणि दर शनिवारी शाळेतल्या पोत्यात आणून टाकायचं. पोतं भरलं की ग्रामपंचायतीनं उचलायचं.

पहिले दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात पोती उचलायला कुणी आलंच नाही. व्हरांड्यात सात पोती साचली. पालकांपैकी एकजण म्हणाले, "बाई, जाळून टाका आता, कशाला राखताय?" मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी एका पोत्याला काडी लागली असती, तर सगळंच संपलं असतं! शेवटी मुलांनीच अर्ज लिहिला, खाली सगळ्यांनी सह्या केल्या आणि चौघेजण तो घेऊन ग्रामपंचायतीत गेले. आणखी नऊ दिवसांनी टेम्पो आला. मुलांनी पोती स्वतः उचलून दिली.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर मी पुन्हा विचारलं. काही घरांत पिशव्या भरलेल्या होत्या, काही घरांत सवय मोडली होती. ती मुलं खाली मान घालून उभी राहिली. त्यांना मी एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. लंडनमधल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली सवयींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ जणांनी रोज एक छोटी गोष्ट करायची ठरवली होती, जसं जेवताना पाणी पिणं किंवा एक फळ खाणं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५० हून जास्त लागतील असा हिशेब निघाला. आणि महत्त्वाचं काय? मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी परत सुरू केलं की झालं!

आणखी एक दिसून आलं. ज्या घरांत पिशवी चुलीपासून दूर, हात धुवायच्या जागेजवळ खिळ्याला टांगली होती, तिथे सवय टिकली. जिथे 'मग ठेवू' म्हणून कोपऱ्यात टाकली होती, तिथे मोडली. सवयीला ठरलेली जागा लागते आणि ठरलेली वेळ लागते. भाषण लागत नाही.

तेव्हा बालमित्रांनो, कोकणात आलात की समुद्र जरूर बघा, आंबेही खा. वेळ काढून वेंगुर्ल्याच्या त्या बागेतही चक्कर मारा. पण त्याआधी आजच एक काम करा. आई-बाबांकडे एक खिळा मागा. त्याला एक पिशवी टांगा. दुधाची रिकामी पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नका, कारण तो तुकडा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. पिशवी धुवा, वाळवा आणि आत टाका. एखादा दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा. खिळा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे!