गुन्ह्याची पावती

आमच्या घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे दंडाची पावती. १९६१ सालची, आज्याच्या नावाची. विना परवाना जंगलजमीन जोतली म्हणून पाच रुपये दंड. खाली नाकेदाराची सही, बाजूला आज्याचा अंगठा. सहीची शाई उडून गेली, अंगठा तेवढा राहिला. मायनं ती टिनाच्या पेटीत लुगड्याखाली जपून ठेवली होती. गुन्ह्याचा कागद कोण जपतं? आम्ही जपतो. कारण आमच्या नावानं सरकारनं दुसरं काही लिहूनच ठेवलेलं नाही. आणि ही पावती तरी नशिबानं मिळाली. एरवी नाकेदार यायचा, कोंबडी न्यायचा, पायली दोन पायली धान न्यायचा. कोंबडीची पावती कोण देतो?

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, दावा अजून लटकलेला आहे. गोंडांचा टोला मोठा. आमची बौद्धांची घरं अकरा. त्यांचंही जोत जंगलाच्या कडेला, आमचंही. याला आमच्याकडं जबरानजोत म्हणतात. शब्द नीट ऐका. जबरान म्हणजे जबरदस्तीनं. दोन बांध्या धान पिकवून पोट भरणाऱ्याच्या शेताचं नाव जबरानजोत. आणि ज्यांनी १८६५ ला, मग १८७८ ला, मग १९२७ ला कायद्यावर कायदे करून जंगल सरकारजमा केलं, त्यांच्या कामाचं नाव वनसंरक्षण. १९२७ चा तो इंग्रजांचा कायदा इंग्रज गेले तरी गेला नाही. अजून चालू आहे.

३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र धाडलं. जंगलातली अतिक्रमणं काढा, ३० सप्टेंबरच्या आत. मग ठिकठिकाणी झोपड्या मोडल्या, उभी पिकं तुडवली. आसामात तर घरं पाडायला हत्ती आणले. त्या मारातून देशभरच्या संघटना एकत्र आल्या, दिल्लीत धरणी धरली, आणि डिसेंबर २००६ मध्ये संसदेनं वनहक्काचा कायदा केला. ३१ डिसेंबर २००७ ला तो लागू झाला, दुसऱ्या दिवशी नियम निघाले. या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारनं लिहून दिलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकार असं रोज उठून कबूल करत नाही.

कायद्याचं पुरं नाव लांबलचक आहे. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी, वगैरे वगैरे. त्यातले आम्ही 'इतर'. या देशात कुठलीही यादी काढा, आम्ही इतरमध्येच सापडतो.

आता बघा गंमत. गोंड शेजाऱ्यानं एवढंच दाखवायचं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून मी ही जमीन कसतो. 'इतर' असला की मात्र आणखी एक दाखवायचं. त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या आम्ही इथंच राहत होतो, या जंगलावरच जगत होतो. पिढी म्हणजे पंचवीस वर्षं, असं कायद्यानंच ठरवलंय. तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर. म्हणजे १३ डिसेंबर १९३०.

मी ही तारीख मनात घोळवत राहिलो. १९३० च्या डिसेंबरात बाबासाहेब लंडनला होते. गोलमेज परिषद चालू होती. आमच्या माणसाला माणूस म्हणून मोजा, हे ते साहेबाच्या तोंडावर सांगत होते. आणि आज मला विचारतात, त्या दिवशी तुझा आजा कुठं होता ते कागदावर दाखव.

कागद कुठून आणू? १९३० ला आमचं गाव मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात गेलं. १९५६ ला मुंबई राज्यात आलं. १९६० ला महाराष्ट्र झाला. जिल्हा आधी चांदा, मग चंद्रपूर, १९८२ पासून गडचिरोली. गाव जागचं हललं नाही, पण दप्तर चार ठिकाणी फिरलं. आणि दप्तरात नाव होतं मालगुजाराचं. त्याच्या जमिनीवर राबणाऱ्याचं नाव लिहायची कुणाला गरज होती?

त्यात आणखी एक. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चांद्याला आले. नागपूरच्या दोन दिवसांनी. आजा पायी गेला, दीक्षा घेऊन आला. बाच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलीय महार. माझ्या दाखल्यावर बौद्ध. तालुक्याच्या एका कचेरीत बाबूनं दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "हे वेगळे, तुम्ही वेगळे. एकच घराणं कशावरून?" आम्ही जात टाकली तर पुरावा गेला. जात ठेवली असती तर माणूसपण गेलं असतं.

माझा दावा अडीच एकराचा. माझ्या आणि बायकोच्या जोडनावानं, कारण पट्टा दोघांच्या नावे असावा असं कायदाच सांगतो. कचेरीनं तो परत धाडला. शेरा एका ओळीचा. पंचाहत्तर वर्षे जमीन कसत असल्याचा पुरावा जोडावा.

मित्रांनो, इथं थांबा. आपल्यातल्या शेकडो माणसांना याच एका ओळीनं घरी पाठवलंय. म्हणून पाठ करून ठेवा. पंचाहत्तर वर्षं जमीन कसली पाहिजे असं कायद्यात कुठंही नाही. पंचाहत्तर वर्षं आहेत ती राहण्याची आणि जंगलावर जगण्याची. जमीन ताब्यात असायची तारीख सगळ्यांना एकच, १३ डिसेंबर २००५ च्या आधी. कसणं वेगळं, राहणं वेगळं. बाबूनं दोन्ही एकात कालवलं आणि आपण मुकाट उठून आलो.

दुसरी गोष्ट, नियम १३. पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी तिथं आहे. सरकारी दप्तर आहे, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहे. पण ज्याच्याकडं यातलं काही नाही त्याच्यासाठीही आहे. शेताचे बांध चालतात. जुनी विहीर चालते. स्मशानभूमी चालते. वंशावळ चालते. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो, दावेदार सोडून दुसऱ्या कुणाचा. यातले एकाहून जास्त पुरावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनं तर साफ सांगितलं की अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही. दंडाची पावती असली म्हणून किंवा नसली म्हणून, तेवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही.

मी यादी वाचत होतो आणि विहीर या शब्दाशी अडकलो.

आमची विहीर वेगळी आहे. मसणवटीही वेगळी. का वेगळी, ते या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. गावानं आम्हाला शिवू दिलं नाही, म्हणून आमच्या बापजाद्यांनी नाल्याच्या काठी स्वतः खोदली. दगडानं बांधली. ती विहीर आज पुरावा आहे. ज्या विटाळानं आम्हाला गावाबाहेर ठेवलं, त्यानंच आमच्या तीन पिढ्या गावाबाहेर दगडात कोरून ठेवल्या. यासाठी गावाचे आभार मानायचं कारण नाही. पण दगड तर आपला आहे.

ग्रामसभा बोलावली. दावा आधी ग्रामसभेपुढं येतो. वनहक्क समिती गावचीच, दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश तरी आदिवासी, बायाही एक तृतीयांश. तिथून दावा उपविभागाच्या समितीकडं, मग जिल्ह्याच्या समितीकडं. सुरुवात मात्र गावाच्या तोंडून.

सभेत कुजबुज होती. कुणीतरी बाहेरून येऊन टोल्यात सांगून गेलं होतं की हा कायदा आदिवासींचा, यांना वाटा दिला तर तुमचं कमी होईल. खोटं आहे. माझ्या अडीच एकरानं गोंडाची काडी कमी होत नाही. आणि सामूहिक हक्क तर अख्ख्या ग्रामसभेचा असतो, त्यात मोह, तेंदू, बांबू, चारोळी सगळ्यांची. पण फूट पाडायला खरं लागतं कुठं?

तेव्हा टोल्यातली एक बुडगी उठली. गोंडाची. वय तिलाही ठाऊक नाही, पण गांधीबाबा मेला तेव्हा ती लेकुरवाळी होती. म्हणाली, "यायची विहीर अलग व्हती. आमी त्यायले आमच्या विहिरीवर चढू देत नव्हतो. माह्या सासऱ्यानं सांगतलं, त्याच्या बापाच्या वक्तापासून अलगच व्हती."

सभा गप्प झाली. कागद माझ्या हातात होता. मागून एक जण बोलला, "हे नको लिहू, गावाची इज्जत जाते." बुडगी त्याच्याकडं वळली नाही. मला म्हणाली, "लिव बापू. खरं हाये थे लिव."

मी लिहिलं. तिच्या शब्दांत लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला. आयुष्यात मी पुष्कळ कागद पाहिले. पण आम्हाला पाणी दिलं नाही असं कबूल करून, त्याच कबुलीनं आमचा हक्क शाबूत करणारा हा एकच.

असल्या ग्रामसभेत काय ताकद असते ते आमच्याच जिल्ह्यानं दाखवलंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना कचेरी देईना. म्हणे बांबू झाड आहे, कारण १९२७ च्या कायद्यात तेव्हा तसं लिहिलेलं होतं. वनहक्क कायदा म्हणत होता गौण वनोपज. बांबू झाड की गवत, यावर भांडण! शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. तिकडं ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा म्हणाल्या, नाही. शिकलेल्या वकिलांनी नव्हे, डोंगऱ्या कोंधांच्या बायामाणसांनी उभं राहून सांगितलं. तो शब्द दिल्लीला मानावा लागला.

पण धोका टळलेला नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला त्याच कोर्टानं हुकूम दिला की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा. वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थांची याचिका होती. दहा लाखांहून जास्त दावे त्या तडाख्यात येत होते. २८ फेब्रुवारीला हुकूम स्थगित झाला. ते पंधरा दिवस आमच्या अकरा घरांत कुणी धड झोपलं नाही. 'फेटाळलेला दावा' म्हणजे काय, ते शहरातल्या वाघप्रेमींनी समजून घ्यावं. पुष्कळदा तो एका बाबूच्या एका ओळीचा शेरा असतो.

आणि कंपनीचं काय? तिला कुणी विचारत नाही की १९३० ला तुझा आजा कुठं होता. तिनं जंगल मागायचं, त्याची किंमत भरायची. ते पैसे कॅम्पाच्या निधीत जातात, २०१६ साली त्याचा वेगळा कायदा झाला. त्या पैशातून दुसरीकडं रोपं लावायची. ती दुसरीकडची जागा कधी कधी आपल्याच जबरानजोतीत निघते. आम्ही झाडाची फांदी तोडली तर गुन्हा, त्यांनी डोंगर फोडला तर विकास.

बुडगीचा जबाब, विहिरीचा पंचनामा, मसणवटीचा नकाशा, दोन्ही दाखले आणि वंशावळ जोडून दावा पुन्हा धाडलाय. त्याच्यावर अजून निर्णय नाही. विचारायला गेलं की पुढच्या महिन्यात या म्हणतात. आम्ही जातो.

दरम्यान बुडगी गेली. तिच्या वयाची टोल्यात आता दोन माणसं उरलीत. आमच्या वस्तीत एकही नाही. म्हणून जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आपल्या माणसांना सांगणं एवढंच आहे. या आठवड्यात वही घ्या. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं जा, शेजारच्या टोल्यातल्या म्हाताऱ्यांकडंही जा. विहीर कुणी खोदली, बांध कुणी घातला, मढी कुठं पुरली, सगळं विचारा. ते बोलतील तसंच लिहा. तारीख टाका, अंगठा घ्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि नक्कल जवळ ठेवा. अस्सल कचेरीत हरवते.