चाळीस पावले

माझ्या मेहुण्यांचे पुण्यात छोटेसे उपाहारगृह आहे. रविवारी सकाळी मिसळीसाठी तिथे एवढी गर्दी होते, की ताटकळलेली मंडळी भिंतीवरच्या पाट्या पाठ करून टाकतात. एकदा एक गृहस्थ "आमची मटकी बहुधा आत्ता पेरताहेत!" असे म्हणून उठून गेले, तेव्हा मीच मेहुण्यांना सल्ला दिला, "मामांना आता घरी बसवा. त्यांचे पाय चालत नाहीत."

मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने वेटर. उभा जन्म बँकेत काढल्यामुळे रांग का अडते हे आपल्यालाच कळते, असा माझा समज. मेहुणे एवढेच म्हणाले, "एक रविवार आत बसून पाहा, मग सांगा."

वही घेऊन बसलो. उसळ नि रस्सा शेगडीवर, फरसाणाचा डबा समोरच्या फळीवर, चिरलेला कांदा मोरीजवळ आणि पाव थेट गल्ल्यापाशी! एका बशीपायी मामा चाळीस पावले चालत होते. तासाला तीस बशा धरल्या तरी बाराशे पावले, आणि तीही हातात कढत रस्सा घेऊन. शिवाय आचाऱ्याला वाट देण्यासाठी थांबायचे, ते वेगळेच. पाय चालत नाहीत म्हणे!

घरी भाच्याने एक हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियात मॅक्डोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपले चांगले चाललेले हॉटेल काही महिने बंद ठेवून पदार्थांची यादी नवावर आणली. पुढे नवी इमारत बांधताना टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघर आखले आणि त्यात नोकरांना चालवून पाहिले. कोण कुठे कुणाला धडकतो हे भिंती उभ्या राहण्यापूर्वीच कळले.

आमच्याकडे टेनिसचे मैदान कुठले? सुटीच्या दिवशी गच्चीवर खडूने शेगडी काढली, फळी काढली आणि मामांना चालायला सांगितले. मामा दोन पावले चालून थांबले. "कांदा उजव्या हाताशी घ्या. फरसाण त्याला लागून. पाव खालच्या फळीवर. आणि रविवारी डोसा बंद ठेवा. तव्यापायी आचारी अडकतो."

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?" मेहुण्यांनी विचारले.

"कुणी विचारलंच नाही," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी पाट्या वाचायला कुणाला सवड झाली नाही. मामांनी माझ्यापुढे मिसळ ठेवली. मला कच्चा कांदा चालत नाही, हे लक्षात ठेवून बिनकांद्याची.

"साहेब, तुम्ही माझी पावलं मोजलीत म्हणे. आता किती भरली?"

"अकरा," मी म्हणालो.

"म्हणजे एकोणतीस वाचली. गुडघ्यांची दिवाळी झाली म्हणायची!"

माझा पहिला सल्ला त्यांच्या कानावर गेला होता की नाही, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.