फाट्याचं तिकीट



चार दिवस झाले, पाऊस उघडीप देईना. सोयाबीनमध्ये पाय घालायची सोय नाही, फवारणी तशीच राहिलीय. म्हणून आज पिकाचं काही लिहीत नाही, एसटीच्या तिकिटाचं लिहितो. शेवटपर्यंत वाचा, विषय फिरून आपल्याच बांधावर येतो.

आमचं गाव हायवेच्या फाट्यापासून साडेपाच किलोमीटर आत. तालुक्याहून संध्याकाळी साडेपाचला गाडी निघायची, फाट्यावरून आत वळायची आणि पावणेसातला गावात यायची. बाजारकरी, दवाखान्यातली माणसं, कॉलेजची पोरं, सगळी याच गाडीनं. जुलैमध्ये एक दिवस गाडी फाट्यापर्यंतच आली. वाहक म्हणाला, "उद्यापासून इथूनच परत. गावाची फेरी कमी झाली."

माझी धाकटी अकरावीला आहे. त्या दिवशी ती आणि आणखी तीन पोरी फाट्यावरून चालत आल्या. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. आठच दिवस आधी कॅनॉलच्या कडेला बिबट्याचे ठसे सगळ्या गावानं बघितले होते. पोरगी घरात आली ती काही बोलली नाही, पाणी प्याली आणि बसून राहिली. तिची आई मला म्हणाली, "अहो, उद्यापासून तुम्ही गाडी घेऊन जायचं, नाहीतर कॉलेज बंद."

तेव्हापासून रोज धारेच्या वेळेला मी मोटरसायकल घेऊन फाट्यावर. म्हैस वेळेची पक्की असते, तिला एसटीचं काय सांगणार? दूध कमी व्हायला लागलं. ज्यांच्या घरी मोटरसायकल नाही त्यांचे हाल तर विचारू नका. एका पोरीचं कॉलेज खरोखर बंद झालं.

मग आम्ही अर्ज लिहिला. ६२ सह्या. मी आणि दोघंजण आगारात गेलो, बोलायची सगळी तयारी करून. गाडी खचाखच भरून येते, उभं राहायला जागा नसते आणि तुम्ही फेरी बंद करता, असं बरंच काही. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "काका, बसा. गाडी भरून येते हे मला मान्य आहे. पण कुठपर्यंत?" आणि त्यांनी कागद पुढं ठेवला.

वाहकाच्या हातातल्या मशीनमधून निघालेला हिशोब होता तो. तालुक्यातून निघताना ५४, ५८, ४९ माणसं. फाट्याच्या पुढं, पासवाल्या पोरी धरून, सात, आठ, सहा. महिनाभर तसंच. साहेब म्हणाले, "सात माणसांसाठी अकरा किलोमीटरचं जाऊन-येऊन डिझेल. कागद बघणाऱ्यानं काय ठरवायचं?"

माझ्या अर्जावर ६२ सह्या होत्या आणि कागदावर सात माणसं. मी खाली बघितलं. कारण बाकीची माणसं कुठं गेली हे मला माहीत होतं. त्यातला एक मीच होतो.

आता हे समजून घ्या. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं. एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीला एका टप्प्याचे साधारण दहा रुपये पडतात. फाट्यापर्यंत तीन टप्पे, गाव चौथ्यात. मग आम्ही काय करायचो? "एक फाटा द्या." तिकीट फाट्याचं आणि उतरायचं गावात. दहा रुपये वाचले. फाट्यावर निम्मी गाडी उतरते. कोण उतरलं, कोण राहिलं, गर्दीत एकटा वाहक किती बघणार? आणि आम्ही मान खाली घालून झोपेचं सोंग घेणार. गावात याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. हुशारी म्हणायचे. मीसुद्धा.

ही हुशारी जुनीच आहे. माझ्या लहानपणी वाहकाकडं पत्र्याची पेटी असायची. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे. तिकीट फाडायचं, पंचानं टक्‌ करून भोक पाडायचं. प्रत्येक टप्प्यावर गठ्ठ्याच्या वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलावर लिहायचा. लिहून होईपर्यंत कधी कधी गाडी थांबवून ठेवायची. म्हणजे कोणत्या टप्प्यात किती तिकिटं गेली हे तेव्हाही कागदावर असायचं. पण रोजच्या एवढ्या गाड्यांचे कागद चाळून बेरीज कोण मारत बसणार?

आता मशीनवर टप्पा दाबला की कुठून, कुठं, किती वाजता, पूर्ण की सवलतीचं, सगळं छापून येतं आणि आतही राहतं. बेरीज आपोआप होते. सुट्ट्या पैशांचा वाद कमी झाला. तिकिटाच्या मागं वाहकानं लिहून दिलेले पैसे उतरताना घ्यायचे विसरायचो, आता मोबाईलवरून भाडं देता येतं. मशीन चांगलंच आहे. पण ते गाडीत डोकी मोजत नाही, तिकिटं मोजतं. आपण फाटा म्हणालो की त्याच्या लेखी आपण फाट्यावर उतरलो. पुढची गाडी रिकामी.

साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना प्रवास फुकट आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. फुकट असलं तरी म्हाताऱ्या माणसाला शून्य रुपयाचं तिकीट निघतं, ते निघालंच पाहिजे. त्या तिकिटावरच सरकार एसटीला सवलतीचे पैसे भरून देतं. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, "शून्याचा कागद काय करायचाय, राहू दे." म्हणजे ते बसले तरी बसले नाहीत. शून्य लिहिलेला कागदसुद्धा मोजणीत एक माणूस असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

परत येताना आम्ही तिघं काही बोललो नाही. मला सारखी ई-पीक पाहणी आठवत होती. मागं एका वर्षी आमच्या भावकीतल्या एकानं पाहणी केलीच नाही. शेतात कांदा उभा आणि सातबाऱ्यावर जमीन पड. गारपीट झाली, पंचनाम्याला माणूस आला, म्हणाला नोंदच नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला शहाणपण शिकवलं होतं, "अरे, दहा मिनिटांचं काम होतं." आमची एसटीसुद्धा तशीच होती. शेत भरलेलं, नोंदीत पड. फरक एवढाच की त्यानं आळस केला आणि आम्ही मुद्दाम केलं.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक घेतली. मी उभा राहून आधी माझंच सांगितलं. किती वर्षं फाट्याचं तिकीट काढत होतो ते. सांगताना जीभ जड झाली, पण त्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडलं नसतं. एक जण म्हणाला, "दहा रुपयांनी एसटी बुडती काय?" मी म्हणालो, "एसटीचं जाऊ दे. मी रोज मोटरसायकलवर किती पेट्रोल जाळतो ते धर. तुझ्या पोरीचं कॉलेज सुटलं ते धर. मग सांग, बुडालं कोण?" तो गप्प बसला. मला नंतर वाईट वाटलं, त्याच्या पोरीचं नाव घ्यायला नको होतं.

ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन परत आगारात गेलो. एक महिन्याच्या बोलीवर फेरी सुरू झाली. महिनाअखेरीला आकडे बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार.

आज सोळावा दिवस. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं जुन्या सवयीनं "फाटा" म्हणाले, की मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, "गाव म्हण, गाव!" आमचे एक आजोबा ऐंशीचे आहेत. ते आता शून्याचं तिकीट मागून घेतात आणि टोपीत ठेवतात. काल वाहकाला विचारलं, फाट्याच्या पुढं किती? त्यानं मशीन बघून सांगितलं, सव्वीस. रोज एवढी होतीलच असं नाही. शनिवारी कॉलेज लवकर सुटतं, तेव्हा अकराच होती. महिना संपल्यावर काय होईल ते इथं कळवीन.

धाकटी घरापर्यंत गाडीनं येते. म्हशीची धार वेळेवर होते.

तुमच्या गावची फेरी बंद झाली असेल तर अर्ज जरूर द्या. पण अर्ज लिहायच्या आधी खिशातलं तिकीट काढून त्यावर कुठलं गाव छापलंय ते बघा. तिकीट उजेडात फार दिवस ठेवू नका, या कागदावरची अक्षरं उडतात. काही तक्रार करायची असेल तर लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

उद्या उघडीप मिळाली तर सोयाबीनवर फवारणी करणार आहे. शेंगा भरायला लागल्यात आणि पानं खाणारी अळी दिसतेय. त्याचे फोटो टाकतो.

राम राम.